आठवी केबल

इनामदार साहेबांनी नारळ माझ्या हातात दिला नाही.

खंडेनवमीची सकाळ होती. बँकेच्या डेटा सेंटरच्या पायरीवर आम्ही आठ-दहा जण चपला काढून उभे होतो. ताटात हळद, कुंकू, झेंडूची फुलं आणि पातेल्यात गरम शिरा. अकरा वर्षं हे ताट आणि हा नारळ माझ्याकडे यायचा. सवयीने मी हात पुढेही केला होता. साहेबांनी नारळ माझ्या हातावरून पलीकडे नेला आणि मागे उभ्या असलेल्या स्वप्नाली चौगुलेला म्हणाले, "यंदा मान तुझा. मशीन तू आणलंयस."

ती गडबडली. "सर, मगदूम दादा आहेत की."

"दादांनी अकरा वर्षं केलंय. काय दादा, हरकत नाही ना?"

मी म्हटलं, छे हो, माझी कसली हरकत. पुढे केलेला हात मी तसाच वर नेऊन डोक्यावरून फिरवला, केस सारखे करतोय असं दाखवत. कुणी हसलं नाही. पण सगळ्यांनी बघितलं असणार, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. सांगलीतल्या एका सहकारी बँकेत मी स्टोरेजचं काम बघायचो. बँकेच्या सगळ्या शाखांची खाती, ठेवी, खातेदारांच्या सह्या, जे काही असेल ते एका कपाटाएवढ्या मशीनमध्ये साठवलेलं असतं. त्या मशीनला आमच्यात स्टोरेज म्हणतात. ते बंद पडलं तर जतपासून शिराळ्यापर्यंत एकाही काउंटरवर पासबुक भरून मिळत नाही. अकरा वर्षांत ते माझ्या हाताखाली एकदाही बंद पडलं नव्हतं, आणि हे मी लोकांना जरा जास्तच वेळा सांगायचो.

स्वप्नाली माझ्या हाताखाली आली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. आली तेव्हा तिला फायबरची केबल धरतासुद्धा येत नव्हती. सगळं मी शिकवलं. केबलच्या आत केसाएवढी काच असते, तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडातून माहिती जाते, म्हणून टोकाला कधी बोट लावायचं नाही. टोकावरची टोपी काढली की केबल सरळ पोर्टमध्ये, म्हणजे मशीनच्या भोकात. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. रजिस्टरमध्ये सही जबाबदार माणसाची. लेबलवर बाहेरून नंबर, आणि लेबल केबलभोवती गुंडाळण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला तारीख आणि ज्याच्या हाताने केबल लागली त्याचं नाव. हा शेवटचा नियम बँकेचा नव्हता, माझा होता. जबाबदारी कुणाचीही असो, हात कुणाचा होता हे कुठेतरी राहावं असं मला वाटायचं. आणखीही एक रीत मी पाडली होती. नवं मशीन आलं की एक केबल सोडून बाकी सगळ्या लावायच्या, आणि शेवटची पूजेनंतर लावायची. ज्याच्या हातात नारळ, त्याच्या हातात ती केबल.

पोरगी सगळं शिकली, आणि मग माझ्या पुढे गेली. तिथेच माझं पोट दुखायला लागलं.

नवं मशीन कुठलं घ्यायचं हे तिने ठरवलं. कंपनीवाल्यांशी ती फोनवर इंग्रजीत भांडायची आणि जिंकायची. पुण्याच्या ट्रेनिंगला साहेबांनी मला न विचारता तिचं नाव दिलं. एकदा अध्यक्ष आले होते, ते माझ्याशी बोलता बोलता मध्येच म्हणाले, "ती हुशार मुलगी कुठाय?" घरी जेवताना मी या सगळ्याचे पाढे वाचायचो. एका रात्री जयश्री, माझी बायको, आमटी वाढता वाढता म्हणाली, "जेवताना तरी त्या चौगुलेला बाजूला ठेवा. ती पण बिचारी दमली असेल." मी दोन दिवस बायकोशी बोललो नाही.

त्यात दसऱ्याच्या आधी साहेबांनी स्पष्टच सांगून टाकलं होतं. नव्या स्टोरेज विभागाला प्रमुख नेमायचा आहे, आणि हे मशीन वेळेत सुरू झालं तर विभाग चौगुलेकडे द्यायचा त्यांचा विचार आहे. माझ्या वयाचा मान राखून त्यांनी ते मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. मी मान डोलावली.

तर खंडेनवमी. पूजा तिने नीट केली, नाव ठेवायला जागा नव्हती. उदबत्ती बाहेरच लावली, कारण आत धुराची घंटा वाजते. नारळ पायरीवर फोडला. मशीनच्या समोरच्या दारावर पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं एक बोट लावलं. मागच्या बाजूला गेली नाही. मागे सगळे पोर्ट असतात आणि पंखे फुंकत असतात, तिथे हळद-कुंकू न्यायचं नाही, असा कागद दारावर चिकटवलेला होता. तो कागदही माझाच होता, माझ्या अक्षरात.

मग सगळे शिरा खायला कॅन्टीनकडे गेले. प्रसाद म्हणून माझ्याही तळहातावर कुणीतरी मूठभर शिरा ठेवला होता. तो खात मी दारातच थांबलो. ताट कोपऱ्यातल्या टेबलावर होतं. आत कुणी नव्हतं.

मी काय केलं ते सांगतो. ताटातलं कोरडं कुंकू चिमटीत घेतलं, मशीनच्या मागे गेलो आणि पोर्टांच्या वर बोट टेकवलं. अकरा वर्षं ज्या खोलीतल्या मशीनला मी हात जोडले, तिथलं नवं मशीन माझ्या बोटाशिवाय सुरू होणार हे मला सहन होईना. पंख्याच्या वाऱ्याने अर्धं कुंकू माझ्याच मनगटावर उडालं. हात पँटला पुसला. मग दिसली ती आठवी केबल. सात लागलेल्या होत्या. आठवी खाली लोंबत होती, टोपीसकट, मानकऱ्याची वाट बघत.

मी टोपी काढली आणि केबल लावून टाकली. खट् आवाज झाला, हिरवा दिवा लागला. फार बरं वाटलं.

कॅन्टीनमध्ये जाऊन मी दुसऱ्यांदा शिरा घेतला. स्वप्नाली थोड्या वेळाने आत गेली आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत आली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती माझ्यासमोर बसून चहा प्यायली आणि शिऱ्यात वेलदोडा जास्त झालाय म्हणाली. दुपारी मी रजिस्टर उघडून पाहिलं. आठही केबलींपुढे तिची सही होती. मला हसू आलं. मानाची केबल दुसऱ्यानेच लावली हे सांगितलं तर मान गेला, म्हणून गुपचूप सही ठोकली, असा मी अर्थ काढला. लेबलाच्या आतही तिने स्वतःचंच नाव घातलं असणार हे मी धरून चाललो. मी असतो तर तेच केलं असतं.

दसऱ्याची सुट्टी गेली, रविवार गेला. सोमवारी नव्या मशीनवर चाचणी सुरू झाली आणि अकराच्या सुमाराला आठव्या केबलचा दिवा पिवळा झाला. मग हिरवा. मग परत पिवळा. जोडणी लागायची, तुटायची, पुन्हा लागायची. शनिवारी अध्यक्षांच्या हस्ते मशीन सुरू व्हायचं होतं. त्याआधी आठही दिवे सलग दोन दिवस हिरवे राहिल्याशिवाय साहेब सही करणार नव्हते.

स्वप्नाली माझ्या शिकवणीप्रमाणे कामाला लागली. केबलचं टोक कोरड्या कागदाने पुसलं, फरक नाही. ती केबल काढून शेजारच्या रिकाम्या पोर्टमध्ये लावली. तोही पोर्ट तसाच करायला लागला. म्हणजे केबल खराब, असं धरून तिने पहिल्या पोर्टला कोरी केबल लावली, तर तिथेही दिवा पिवळाच. आता केबलही खराब आणि पोर्टही खराब, असं कसं होईल? मंगळवारी संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली.

"दादा, स्कोप देताय काय जरा? टोक बघायचंय."

स्कोप म्हणजे हातात मावणारी सूक्ष्मदर्शक दुर्बीण. केबलचं टोक तिच्यात धरलं की काचेवरचा धुळीचा कणसुद्धा वाटाण्याएवढा दिसतो. डेटा सेंटरमध्ये तो एकच होता, माझ्या कपाटात, कुलपात.

"सेल गेलेत त्याचे," मी म्हणालो.

"कुठले लागतात? जाताना मी आणते."

"वेगळे असतात ते. सांगलीत नाही मिळत."

बरं म्हणून ती गेली. मी कपाटाची किल्ली खिशात चाचपून पाहिली.

तोपर्यंत मला कुंकवाचं काही सुचलंही नव्हतं, हे मात्र खरं. मला एवढंच माहीत होतं की ती अडकली आहे आणि मला मजा येते आहे. बुधवारी कंपनीचा माणूस फोनवरून म्हणाला, मशीनचा तो अख्खा भागच बदलावा लागेल, यायला दहा दिवस लागतील. ती फोनवर मराठीत बोलायला लागली होती, म्हणजे थकली होती. दुपारचा डबाही तिने उघडला नाही. मी माझा नेहमीपेक्षा सावकाश खाल्ला.

गुरुवारी सकाळी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. साहेब चिडले की आवाज खाली नेतात.

"आठव्या केबलपुढे सही तुझी आहे."

"हो सर."

"लावताना काही गडबड झाली होती?"

स्वप्नालीने एकदा माझ्याकडे बघितलं. फार नाही, डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मला वाटलं, मदत मागतेय. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो.

"जबाबदारी माझी आहे सर," ती म्हणाली.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "मगदूम, तुम्ही हात घाला. चौगुले, तू दुसऱ्या खोलीत बस जरा."

मी कपाट उघडलं, स्कोप काढला. सेल अर्थातच चांगले होते. मशीनच्या मागे स्टूल घेऊन बसलो, आठवी केबल दोन्हीकडून काढली आणि टोक स्कोपमध्ये धरून डोळा लावला.

गोल, पांढरी, चकचकीत काच दिसायला हवी होती. तिच्यावर तुपाचा तवंग होता आणि तवंगात लाल कण अडकलेले होते. अगदी देवघरातल्या करंड्यात असतात तसले लाल.

मी डोळा काढला, पुन्हा लावला. मग माझी बोटं बघितली, जणू काही सहा दिवसांनी त्यांना अजून काही लागलेलं असणार होतं. शिऱ्याचं तूप आणि कुंकू. टोपी काढताना बोट टोकाला घासलं होतं. ज्याने शंभर वेळा सांगितलं होतं की टोकाला बोट लावू नका, त्याचंच बोट. कोरड्या कागदाने तूप निघत नाही, नुसतं पसरतं. आणि बरबटलेलं टोक ज्या पोर्टमध्ये जाईल त्या पोर्टलाही बरबटवतं. स्वप्नालीने दोन्ही वेळा बरोबर पाऊल उचललं होतं. तिला फक्त दिसत नव्हतं, कारण दिसायचं साधन माझ्या कुलपात होतं.

आत्ता उठावं आणि साहेबांना सांगावं, असं मनात आलं. आलं, हे नोंदवून ठेवतो. मग साहेबांनी माझ्या हातावरून पलीकडे नेलेला नारळ आठवला आणि मी बसून राहिलो.

टोक स्पिरिटने स्वच्छ केलं. दोन्ही पोर्ट आतून साफ केले. आठवी केबल तिच्या जागी लावली. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं लागली. आठ दिवे हिरवे झाले आणि तसेच राहिले. साहेब बघायला आले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अनुभव तो अनुभव." दुसऱ्या खोलीच्या काचेतून स्वप्नाली बघत होती. तिला ऐकू गेलं नसणार, पण थाप दिसली असणार, आणि ती दिसली याचा मला आनंद झाला.

कारणाचा रिपोर्ट मी लिहिला. 'केबलच्या टोकावर घाण. जोडताना झालेला निष्काळजीपणा.' नाव लिहायची गरज नव्हती. नाव रजिस्टरमध्ये होतं.

शनिवारी अध्यक्षांनी मशीन सुरू केलं आणि फोटोत मी त्यांच्या उजव्या हाताला होतो. दिवाळी झाल्यावर विभाग माझ्याकडे आला. जयश्रीने पेढे वाटले. मी तिला कुंकवाचं सांगितलं नाही, आजपर्यंत सांगितलेलं नाही.

स्वप्नालीने जानेवारीत राजीनामा दिला आणि पुण्याला गेली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना भेटून ती माझ्या टेबलाशी आली. वाकून नमस्कार केला. मी नको नको म्हणत होतो. मग तिने पर्समधून दोन पेन्सिल सेल काढले आणि माझ्या पेनांच्या डब्याशेजारी उभे ठेवले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात ते, साधे.

"स्कोपला हेच लागतात दादा," ती म्हणाली. "सामानाच्या यादीत लिहिलंय."

मी म्हणालो, हो का. ती गेल्यावर मी ते सेल ड्रॉवरमध्ये टाकले आणि मनातल्या मनात तिलाच दोष दिला. जाताना टोमणा मारून गेली, मोठ्यांचा मान ठेवता येत नाही, वगैरे. स्कोपचं तिला कळलं होतं. केबलचं कळलेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. कळलं असतं तर ती केबिनमध्येच बोलली नसती का?

मधल्या वर्षांत तिच्याबद्दल कानावर यायचं. मोठ्या कंपनीत आहे, हाताखाली वीस माणसं आहेत, परदेशात जाऊन आली. कुणीतरी सांगायचं आणि मी म्हणायचो, माझ्या हाताखाली तयार झालेली. म्हणताना अभिमानाने म्हणायचो आणि घशाशी आंबट यायचं.

गेल्या वर्षी ते मशीन म्हातारं झालं म्हणून काढलं. मीही दोन महिन्यांत निवृत्त होणार होतो. जुन्या केबली काढायचं काम खरं तर माझं नव्हतं, पण मी म्हटलं, मीच काढतो. स्टूल घेऊन मागे बसलो. एकेक केबल काढायची, लेबल सोलायचं, केबल एका खोक्यात आणि लेबल दुसऱ्या पिशवीत. पहिल्या लेबलाच्या आत स्वप्नालीचं नाव आणि तारीख. दुसऱ्यात तेच. तिचं अक्षर माझ्या वळणाचं होतं, कारण लेबलं कशी लिहायची तेही मीच गिरवून घेतलं होतं. सातव्यापर्यंत तेच.

आठवं लेबल सोलायला कठीण गेलं. गोंद सुकून कडक झाला होता. नखाने कड उचलून हळूहळू उलगडलं. आत बारीक अक्षरात लिहिलं होतं :

'खंडेनवमी. मगदूम दादांच्या हाताने लागली. फार बरं वाटलं.'

मी ते पुन्हा वाचलं. चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं.

म्हणजे त्या सकाळी ती आत गेली तेव्हाच तिला कळलं होतं. आत यायचं कार्ड आम्हा दोघांकडेच होतं, दुसरं कोण लावणार? मान हिसकावला असं तिला वाटलंच नव्हतं. दादा रागावले नाहीत, त्यांनी आपणहून मशीनला हात लावला, असं तिने धरलं होतं आणि माझ्या नियमाप्रमाणे हात ज्याचा त्याचं नाव आत लिहून, जबाबदार म्हणून रजिस्टरमध्ये स्वतःची सही केली होती. केबिनमध्ये ती खोटं एक अक्षर बोलली नव्हती. जबाबदारी माझी आहे, एवढंच म्हणाली होती. साहेबांना नुसतं 'लेबल उलगडून बघा' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. ते म्हणायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं, मी बोलतो का ते पाहायला, आणि मी कॅलेंडर बघत होतो.

लाज वाटली. अजून वाटते. तिला फोन करावा म्हणून नंबर मिळवला आहे, तो दहा महिने तसाच पडून आहे. पण लाज नंतर आली, आणि एवढं सगळं सांगितल्यावर हे एक झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या स्टुलावर, ते लेबल हातात धरून, मला आधी वाटला तो हेवा. माझ्याकडे असलं लेबल असतं तर मी ते पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडावर उलगडलं असतं. तिच्याकडे होतं, आणि ती ते तिथेच ठेवून निघून गेली. हे तिला मी शिकवलं नव्हतं.